स्किट्टे पुरस्कार समितीला खुलं पत्र: मुखपृष्ठावरची बाकीची नावंही वाचा

प्रति,
योहान स्किट्टे पुरस्कार समिती,
उप्साला विद्यापीठ, स्वीडन

सप्रेम नमस्कार,

मी राज्यशास्त्र शिकवतो, आणि मराठीतून शिकवतो. तुमच्या पुरस्काराबद्दल इतकी वर्षं मनात साठलेलं आज एकदाचं लिहून टाकतोय. हे खुलं पत्र आहे, त्यामुळे ज्यांना हा पुरस्कार माहीत नाही अशीही माणसं ते वाचणार, म्हणून त्यांच्यासाठी थोडं आधीच सांगतो. नोबेल सगळ्यांना ठाऊक असतं, पण राज्यशास्त्राला नोबेल नाहीये. ती पोकळी उप्सालाच्या या पुरस्काराने 1995 पासून बऱ्यापैकी भरून काढलीय. रक्कम 5 लाख स्वीडिश क्रोनर, नोबेलच्या मानाने कमीच, पण मान इतका मोठा की यालाच राज्यशास्त्राचं नोबेल म्हणतात, आणि या विषयात मुरलेले लोक दरवर्षी नाव कुणाचं येतंय याकडे डोळे लावून बसलेले असतात. मीही त्यातलाच.

पहिलं नाव रॉबर्ट डाल. मग हुआन लिंझ, आरेंड लायपहार्ट, अलेक्झांडर जॉर्ज, एलिनॉर ऑस्ट्रम. या नावांना वळसा घालून आमचा एमएचा सिलॅबस पूर्ण होत नाही. ऑस्ट्रमबाईंना तुम्ही 1999 मध्ये निवडलंत. अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना 2009 मध्ये मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई, आणि तेव्हा कितीतरी अर्थशास्त्रज्ञांना या कोण हेच माहीत नव्हतं. तुम्ही दहा वर्षं आधी ओळखलं होतंत. 2017 मध्ये अमर्त्य सेन यांना पुरस्कार दिलात तेव्हाही मला फार बरं वाटलं, कारण नीट चालणाऱ्या लोकशाहीत, जिथे निवडणुका होतात आणि पेपर मोकळेपणाने छापतात तिथे दुष्काळात माणसं मोठ्या संख्येने भुकेने मरत नाहीत ही गोष्ट जगाला ठणकावून सांगणारा माणूस निव्वळ अर्थशास्त्रज्ञ नसतो. तेव्हा तुमची नजर पारखी आहे याबद्दल मला शंका नाही, आणि शंका नाही म्हणूनच हे पत्र लिहायचं धाडस करतोय, नाहीतर कशाला लिहिलं असतं.

माझं म्हणणं एकच आहे. तुम्ही ज्या मोठ्या कामांचा गौरव केलात त्यातली बरीचशी कामं एकट्याने झालेली नाहीत. ज्या देशांचा, ज्या माणसांचा अभ्यास झाला तिथलेच अभ्यासक त्यात बरोबरीने राबलेत, विचारही त्यांनी केलाय, काही वेळा तर मुखपृष्ठावर त्यांचं नावसुद्धा आहे, पण उप्सालाच्या मंचावर ते कधी आले नाहीत. ही नावं तुम्ही वाचावीत एवढंच मागणं आहे.

आता नीट सांगतो. 1995 ते 2019 ही पहिली 25 वर्षं घेऊ, कारण एवढ्या काळात कुठल्याही पुरस्काराची सवय कळून येते. 25 वर्षांत 26 माणसं, 2011 ला रोनाल्ड इंगलहार्ट आणि पिपा नॉरिस यांना जोडीने दिला म्हणून एक जास्त. या 26 मध्ये पुरस्कार मिळाला त्या वेळी आशिया, आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेतल्या विद्यापीठात नोकरीला असलेला माणूस एकही नाही. सेन भारतातले खरे, जादवपूरला आणि दिल्लीला त्यांनी शिकवलंही, पण पुरस्काराच्या वेळी ते हार्वर्डला होते. बाकी बहुतेक सगळे अमेरिका आणि पश्चिम युरोपातले. रेन टागेपेरा हे एस्टोनियाचे, पण तेही अमेरिकेतलं अर्व्हाइन आणि एस्टोनियातलं टार्टू अशा दोन्ही विद्यापीठांत. मला माहितीये की पैसा, लायब्ररी, वेळ हे सगळं तिकडे जास्त आहे, त्यामुळे काही प्रमाणात असं होणारच. पण या 26 जणांनी अभ्यास कुठला केला ते बघा. भारत, नेपाळ, फिलिपिन्स, नायजेरिया, अर्जेंटिना, ब्राझील, हे देश त्यांच्या पुस्तकांत पानोपानी आहेत.

सिडनी व्हर्बा यांचं उदाहरण देतो, 2002 चे मानकरी. सामान्य माणूस राजकारणात भाग घेतो म्हणजे नक्की काय करतो, कोण घेतो आणि कोण बाहेर राहतो, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय आणि तुम्ही पुरस्कार दिलात तोही त्यासाठीच. त्यांचा सात देशांचा तुलनात्मक अभ्यास 1978 मध्ये पुस्तक होऊन आला, त्या सात देशांत भारत होता. पण त्याच्याही आधी, 1971 मध्ये, एक लहानसं पुस्तक आलं होतं, 'कास्ट, रेस अँड पॉलिटिक्स'. भारतातले पूर्वास्पृश्य आणि अमेरिकेतले काळे नागरिक, दोघांच्या राजकीय सहभागाची तुलना. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तीन नावं आहेत. सिडनी व्हर्बा, बशीरुद्दीन अहमद, अनिल भट्ट. तीन. यातलं पहिलं नाव जगाला माहीत आहे, दुसरं आणि तिसरं मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, आणि ही तर भारतातली मुलं.

जरा विचार करा की असा सर्व्हे 1960 च्या दशकात भारतात करायचा म्हणजे काय काम असेल. अमेरिकेत लिहिलेली प्रश्नावली घ्यायची, ती वेगवेगळ्या भाषांत न्यायची, प्रश्नाचा सूर बदलू द्यायचा नाही. ज्या माणसाला जातीमुळे आजवर कुणी समोर बसवून मत विचारलेलं नाही त्याला विचारायचं की तुम्ही कुणाकडे तक्रार घेऊन जाता, आणि उत्तर देताना तो शेजारी उभ्या असलेल्या वरच्या जातीच्या माणसाला घाबरतोय का हे ओळखायचं. जात हा सर्व्हेतला कॉलम कसा करायचा हेच मुळात ठरवायला लागणार. हे सगळं डोकं चालवल्याशिवाय होत नाही, आणि जे डोकं इथे चालतं त्याला नुसतं फील्डवर्क म्हणून बाजूला ठेवता येत नाही. प्रश्न कुठला विचारायचा आणि उत्तराचा अर्थ काय लावायचा हे ठरलं की अर्धी थिअरी तिथेच ठरते.

तुम्ही म्हणाल की हा पुरस्कार एका पुस्तकाला नसतो, माणसाच्या एकूण योगदानाला असतो. मान्य. मग गिलेर्मो ओडोनेल यांचं बघू. अर्जेंटिनाचे. 1970 च्या दशकात दक्षिण अमेरिकेत एकामागून एक देश लष्कराच्या हातात जात होते, आणि तोवरची लोकप्रिय थिअरी अशी की देश जसजसा आधुनिक आणि श्रीमंत होईल तसतशी लोकशाही येईल. ओडोनेल म्हणाले तसं नाही, अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये उलट झालंय, उद्योग बऱ्यापैकी वाढल्यावरच लष्कर आणि तंत्रज्ञ मंडळी एकत्र येऊन एक वेगळ्याच प्रकारची हुकूमशाही आली. तिला त्यांनी नोकरशाही हुकूमशाही असं नाव दिलं आणि आज ती संकल्पना प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. 1975 मध्ये ब्युनोस आयर्समध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक संशोधन संस्था काढली, पुढच्याच वर्षी तिथे लष्करी उठाव झाला. मग काही काळाने ते ब्राझीलला गेले. आणि याच दिवसांत फिलिप श्मिटर यांच्याबरोबर हुकूमशाही राजवटी कशा मोडतात आणि लोकशाहीकडे कशा सरकतात यावरचा तो मोठा प्रकल्प सुरू झाला. घरी लष्कराची सत्ता, आणि हा माणूस ती सत्ता जाईल कशी याचा शांतपणे, पुराव्यानिशी विचार करतोय. अर्जेंटिनातलं लष्करी राज्य 1983 मध्ये गेलं, चार खंडांचा तो ग्रंथ 1986 मध्ये आला, आणि त्यातला निष्कर्षांचा जो शेवटचा छोटा भाग आहे, सगळ्यात जास्त वाचला जाणारा, तो ओडोनेल आणि श्मिटर या दोघांनी लिहिलाय. ओडोनेल यांचं नाव पहिलं.

2009 मध्ये श्मिटर यांना तुमचा पुरस्कार मिळाला. योग्यच होतं ते, कॉर्पोरेटिझमवरचं, म्हणजे सरकार, मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना मिळून धोरण ठरवतात त्या पद्धतीवरचं, त्यांचं काम स्वतंत्र आणि मोठं आहे. पण लोकशाहीकरणाचा अभ्यास हेही एक कारण होतं ना पुरस्काराचं? मग त्याच वर्षी दोघांना का नाही? ओडोनेल तेव्हा हयात होते, लिहीत होते. निवडून आलेला अध्यक्ष एकदा मतं मिळाली की मला हवं ते करीन असं वागायला लागतो, संसद आणि कोर्ट अडथळा वाटायला लागतात, त्यालाही त्यांनी 1994 मध्ये प्रतिनियुक्त लोकशाही असं नाव देऊन ठेवलं होतं, आणि आज जगभर जे चाललंय ते समजून घ्यायला तो लेख मी दरवर्षी वर्गात घेतो. नोव्हेंबर 2011 मध्ये ते गेले. त्या 25 वर्षांच्या यादीत मरणोत्तर कुणी नाही, त्यामुळे ती वेळ गेली ती गेलीच.

तसेच आपले राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी. 1963 मध्ये त्यांनी दिल्लीत सीएसडीएस ही समाज आणि राजकारणाचा अभ्यास करणारी संशोधन संस्था उभी केली, आणि व्हर्बांच्या भारतातल्या कामात ज्यांची नावं वर आली ते याच संस्थेतले लोक. 1964 मध्ये कोठारींनी काँग्रेस सिस्टीमचा लेख लिहिला. तेव्हा बाहेरून बघणाऱ्यांना वाटायचं की एकच पक्ष सारखा जिंकतोय म्हणजे ही नावापुरती लोकशाही. कोठारींनी दाखवलं की स्पर्धा आहेच, फक्त ती पक्षाच्या आत गटागटांत चालते आणि बाहेरचे छोटे पक्ष त्या गटांवर दबाव टाकतात, म्हणजे विरोधकांचं काम वेगळ्या वाटेने होतंय. जात राजकारण नासवते असं सगळे म्हणत होते तेव्हा त्यांनी विचारलं की राजकारण जातीचं काय करतं. एवढा साधा उलटा प्रश्न, पण त्याने भारताच्या अभ्यासाची दिशाच बदलली. आणि स्वीडनला ते अनोळखी होते असंही नाही, त्यांच्या लोकायन या लोकचळवळींबरोबर काम करणाऱ्या उपक्रमाला 1985 चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला होता, तो स्वीडनमधूनच दिला जातो. तुमचा पुरस्कार सुरू झाला 1995 मध्ये, कोठारी गेले जानेवारी 2015 मध्ये. मधली वीस वर्षं रिकामी गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं हे फक्त गरीब देशांपुरतं आहे असंही नाही. रॉबर्ट पुटनम यांना 2006 चा पुरस्कार मिळाला. इटलीत 1970 मध्ये प्रादेशिक सरकारं आली, त्यातली काही उत्तम चालली आणि काही अगदीच कुचकामी निघाली, असं का, यावर वीस वर्षं काम करून त्यांनी 1993 मध्ये पुस्तक केलं. त्यातली एक चाचणी मला फार आवडते. प्रत्येक प्रदेशाच्या कचेरीला साधी पत्रं पाठवली, नागरिक म्हणून, की आजारपणाच्या खर्चाची भरपाई कशी मिळते, शेतीला कर्ज कसं मिळतं, असलं काहीतरी. काही ठिकाणी आठवड्यात व्यवस्थित उत्तर आलं, आणि दक्षिणेतल्या काही कचेऱ्यांनी पत्राला उत्तरच दिलं नाही, फोन करावे लागले, खेटे घालावे लागले. सरकार कसं चालतं हे मोजायला यापेक्षा सोपी आणि यापेक्षा खरी पट्टी मला तरी माहीत नाही. पण ही पत्रं लिहिणारे, फोनवर ताटकळणारे, कचेरीत जाऊन उभे राहणारे कोण? पुटनम यांचे इटलीतले सहकारी. आणि पुस्तकाच्या शीर्षकपानावर पुटनम यांच्या नावाखाली रॉबर्ट लिओनार्डी आणि राफाएला नानेत्ती ही दोन नावं छापलेली आहेत, पुटनम यांनी ती प्रामाणिकपणे छापली. उल्लेख करताना आपणच ती गाळतो.

ऑस्ट्रमबाईंच्या नेपाळच्या कामाचंही तेच. तिथे शेतकऱ्यांनी दगड, माती, फांद्या घालून केलेले कच्चे बंधारे आणि सरकारने बांधून दिलेले सिमेंटचे पक्के बंधारे, दोन्हीकडचे पाट तपासले, तर बऱ्याचदा कच्च्या बंधाऱ्याच्या पाटाचं पाणी टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या शेतापर्यंत जास्त चांगलं पोचत होतं. कारण काय, तर कच्चा बांध पावसाळ्यात वाहून जातो, तो पुन्हा घालायला सगळ्यांचे हात लागतात, वरच्या शेतकऱ्याला खालच्याची मेहनत हवी असते म्हणून तो त्याला पाणी सोडतो. बांध पक्का झाला की वरच्याला खालच्याची गरज उरत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही, आणि ती अमेरिकेत इंडियानातल्या त्यांच्या विद्यापीठात बसून कळली नसती, नेपाळचे संशोधक त्या पाटांवर फिरले, शेतकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलले तेव्हा कळली. ऑस्ट्रमबाईंना याची पूर्ण जाणीव होती, त्यांनी आणि त्यांचे पती व्हिन्सेंट ऑस्ट्रम यांनी 1973 मध्ये काढलेल्या संस्थेचं नावच वर्कशॉप ठेवलं होतं, जिथे सगळे मिळून काम करतात.

आता तुमच्याकडून बदल होत नाही असं मी म्हणत नाहीये. बायकांचंच बघा. पहिल्या आठ वर्षांत फक्त एक, ऑस्ट्रम. पण मग 2003 मध्ये हॅना पिटकिन आल्या, 2007 मध्ये थेडा स्कॉकपोल, 2011 मध्ये नॉरिस, 2012 मध्ये कॅरोल पेटमन, आणि 2018 ला जेन मॅन्सब्रिज, 2019 ला मार्गारेट लेव्ही, लागोपाठ दोन वर्षं. यातल्या कुणाचंही काम एक गुंजभरही कमी नाही. म्हणजे दर्जा न सोडता यादी रुंद होते, हे तुम्हीच करून दाखवलंय. तसंच जोडीने पुरस्कार द्यायलाही तुमची वाट मोकळी आहे, 2011 मध्ये दिलातच की.

शिवाय ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं त्या योहान स्किट्टे यांच्याबद्दलही बोलायला हवं. स्वीडनचे राजे गुस्ताव अडॉल्फ यांचे ते शिक्षक, उप्सालाचे कुलपती, आणि 1622 मध्ये त्यांनी दिलेल्या देणगीतून वक्तृत्व आणि राज्यशास्त्राचं जे अध्यासन सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. त्यांनीच 1632 मध्ये टार्टूचं विद्यापीठ सुरू करून दिलं, आणि उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं की इथे सरदार आणि शहरी लोकांच्या मुलांबरोबर शेतकऱ्यांच्या मुलांनाही शिकता यावं. सतराव्या शतकात, जिथे शेतकरी भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले होते तिथे, हे बोलणं सोपं नव्हतं. पुरस्काराच्या यादीत नवीन देश, नवीन भाषा यायला हव्यात असं मी म्हणतो तेव्हा तुमच्या संस्थापकाच्या बोलण्यापासून फार लांबचं काही मागतोय असं मला वाटत नाही.

मग करायचं काय, तर माझ्या मते पहिलं काम म्हणजे एखाद्या नावाची चर्चा सुरू झाली की त्या माणसाची चार-पाच महत्त्वाची पुस्तकं आणि लेख काढून सहलेखक कोण ते बघणं, आणि त्यातल्या कुणाचं स्वतःचं योगदान तेवढ्याच तोलाचं असेल तर दोघांचा एकत्र विचार करणं. व्हर्बांबरोबर कोण, श्मिटरांबरोबर कोण, हे विचारलं असतं तर उत्तर अवघड नव्हतं. दुसरं, नामांकनाचं आवाहन युगांडातलं कंपाला, कोलकाता, ब्राझीलमधलं साओ पावलो, नायजेरियातलं इबादान इथल्या राज्यशास्त्र विभागांपर्यंत थेट पोचेल असं बघा, आणि इंग्रजीत न आलेलं काम वाचून त्यावर मत देणारी जाणकार माणसं त्या त्या भाषेत शोधा. स्पॅनिशमध्ये, पोर्तुगीजमध्ये, बंगालीत, मराठीत राजकारणावर गंभीर लिखाण होतंय, त्यातलं सगळंच थोर आहे असं नाही, पण वाचल्याशिवाय ते कळणार कसं. आणि नावंच हवी असतील तर दोन मी आत्ताच देतो. महमूद ममदानी, ज्यांनी 1996 मध्ये दाखवलं की आफ्रिकेत वसाहतवादाने शहरात नागरिक आणि खेड्यात प्रजा असे दोन तुकडे केले आणि स्वातंत्र्यानंतरही ते सांधले नाहीत, आणि जे पुढे अनेक वर्षं कंपालाच्या मॅकेरेरे विद्यापीठातली संशोधन संस्था चालवत होते. आणि पार्थ चटर्जी, ज्यांनी कोलकात्यात राहून झोपडपट्टीतल्या, रेल्वेच्या जागेवर राहणाऱ्या माणसांचं सरकारशी नातं कायद्याच्या पुस्तकात मावत नाही पण तेही राजकारणच आहे हे मांडलं. दोघेही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातही शिकवत होते, त्यामुळे दोघेही तुम्हाला परिचित असणार. पण त्यांचं पायाभूत काम उभं राहिलं ते कंपाला आणि कोलकाता इथे. सुरुवात त्यांच्यापासून करायला काहीच हरकत नाही, आणि मग त्यांच्यापलीकडे, ज्यांनी आपला देश कधी सोडलाच नाही त्यांच्याकडे बघा.

नामांकनाची औपचारिक पत्रं या दोघांसाठीही मी तयार करतोय, सोबत सहलेखकांच्या याद्या जोडतोय. इतर विद्यापीठांतल्या राज्यशास्त्राच्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे की तुम्हीही आपापल्या भाषेतलं एक नाव निवडा, त्याच्या कामाची दोन पानी ओळख इंग्रजीत करा आणि उप्सालाला पाठवा. पत्र पोचल्याची पोच समितीने दिली तरी मला आनंद होईल.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक